पिक्चरात मास्तर लई दिसतोय

आमच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सिनेमा दाखवायची पद्धत आम्ही काही वर्षं चालवली. वाचनकक्षातली टेबलं भिंतीला सरकवायची, खिडक्यांवर जुन्या चादरी टाकायच्या, जवळच्या शाळेतून प्रोजेक्टर मागून आणायचा. अट एकच होती. सिनेमा पुस्तकावरून केलेला हवा आणि ते पुस्तक आमच्या कपाटात हवं.

'बनगरवाडी' दाखवला त्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता, तरी साठेक माणसं आली. सिनेमा संपला, दिवे लागले. आम्ही खुर्च्या आवरायला लागलो, तेव्हा आमचे एक जुने सभासद दाराशी रेंगाळले. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. लहानपण मेंढरांमागं गेलेलं, उमेदीची वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली, आणि निवृत्त झाल्यापासून दर तीन-चार दिवसांनी पुस्तक बदलायला येणारा हा माणूस. मी विचारलं, "कसा वाटला, तात्या?"

"चांगला हाय की. मेंढरं खरी, माळ खरा. पर बाई, पिक्चरात मास्तर लई दिसतोय."

मला पटकन अर्थ लागला नाही. मास्तरचीच तर गोष्ट आहे, तो दिसणार नाही तर कोण दिसणार?

"पुस्तकात मास्तर कुटं दिसतो?" तात्या म्हणाले. "पुस्तकात गाव दिसतं." आणि छत्री उघडून ते गेले.

त्या रात्री मी 'बनगरवाडी' पुन्हा काढली. आमची प्रत जुनी आहे, दोनदा पुठ्ठा बांधणी झालेली, मागच्या तारीखपट्टीवर तिसरा कागद चिकटवलेला. वाचत गेले आणि तात्या काय म्हणत होते ते पानापानावर दिसायला लागलं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 साली पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर ती सांगतो. सगळं 'मी' म्हणून सांगतो. पण हा 'मी' कसा दिसतो, उंच की ठेंगणा, त्याच्या अंगावर सदरा कसला, हे वाचताना मनातसुद्धा येत नाही. आपल्याला दिसतो कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, दादू बालट्या, मास्तरकडे रुपयांची मोड मागणारा रामा बनगर. आपण मास्तरच्या डोळ्यांच्या मागं बसलेलो असतो. अमोल पालेकरांच्या 1995 सालच्या चित्रपटात मास्तर चौकटीत आला. चंद्रकांत कुलकर्णींनी काम नेटकं केलं आहे, त्यांच्याकडं बोट दाखवायला जागा नाही. पण तो चौकटीत आला की आपण त्याच्याकडं बघायला लागतो. तो आणि गाव अशी दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. कादंबरीत तो आपल्या बाजूला होता.

या चित्रपटाची पटकथा दुसऱ्या कुणी परक्यानं लिहिलेली नाही, ती माडगूळकरांचीच. तेव्हा 'लेखकाला समजून घेतलं नाही' हा आपला ठरलेला आरोप इथं चालत नाही. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि तो योग्यच होता. तरीही तात्यांना जे खटकलं ते खटकलं. म्हणजे ही कुणाची चूक नाही, ही अडचण माध्यमाच्या हाडातच आहे. गेली बरीच वर्षं मी तिच्याबद्दल विचार करते आहे.

माझ्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. पहिली नेमणूक अशाच एका वस्तीवर, जिथं मुलं शाळेत यायची ती कोकरू काखेत घेऊन. आमच्या घरात रात्री जेवणं झाल्यावर ते मोठ्यानं वाचत. आई भाकरीची परात घासता घासता ऐकायची, आम्ही भावंडं वाकळेवर आडवी. 'बनगरवाडी' मी अशी पहिल्यांदा ऐकली, वाचली नव्हे. त्यामुळं त्या कादंबरीतला 'मी' माझ्यासाठी कायमचा वडिलांच्या आवाजात बोलतो. पडद्यावर दुसराच एक तरुण आला तेव्हा माझ्या छातीत काहीतरी हललं होतं. हे माझं खाजगी दुखणं समजून मी गप्प बसले होते. तात्यांनी तेच बोलून दाखवलं, आणि त्यांच्या घरात कुणी मोठ्यानं वाचलेलं नव्हतं.

देवघेवीच्या टेबलामागं बसून मी एकतीस वर्षं काढली. कादंबरीवरून सिनेमा आला की पहिल्या पंधरवड्यात काय होतं हे मला पाठ आहे. पुस्तकाला मागणी येते, नंबर लावावे लागतात. मग प्रत परत येते तेव्हा माणसं दोनांपैकी एक वाक्य बोलतात. एक, 'पुस्तक जास्त चांगलं आहे.' दुसरं, 'सिनेमात हे सगळं घेतलंच नाही.' मला ही दोन्ही वाक्यं आता पुरेशी वाटत नाहीत. न घेण्याचं तर गणितच आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा धंद्यातला ठोकताळा. दोन तासांच्या सिनेमाला एकशेवीस पानं, तीही मोकळी, अर्धी कोरी. तीनशे दाट पानांची कादंबरी त्यात कशी बसणार? काहीतरी गळणारच. पात्रं गळतील, उपकथानकं गळतील. गळू देत. माझी तक्रार गळतीबद्दल नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: कादंबरीत एक सांगणारा असतो, त्याचं सिनेमात काय केलं?

सांगणारा म्हणजे 'मी' म्हणणाराच असतो असं नाही. ह. ना. आपट्यांच्या कादंबरीत लेखक स्वतःच वाचकाला हाताला धरून वाड्यातून फिरवतो, तोही सांगणाराच. तो कोणत्या गोष्टीला थांबतो, कोणती ओलांडून जातो, कुणाच्या बाजूनं त्याचा श्वास अडकतो, यातून कादंबरी होते. घटना नंतर. दोन माणसांनी एकच मयत पाहिली तरी घरी येऊन दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, हे आपल्या प्रत्येकाच्या घरात घडलेलं आहे.

आपला सिनेमा कादंबरीकडं फार लवकर गेला. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 1923 साली 'सिंहगड' काढला तो ह. ना. आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून. चित्रपट मुका होता, पण मूकपटात मध्येमध्ये अक्षरांच्या पाट्या यायच्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पाट्या होत्या तोवर सांगणाऱ्याला पडद्यावर हक्काची जागा होती. बोलपट आला, पात्रं स्वतः बोलायला लागली आणि पाट्या गेल्या. सांगणारा बेघर झाला तो तेव्हापासून. पुढच्या प्रत्येक चांगल्या दिग्दर्शकाला त्याच्यासाठी नवी जागा शोधावी लागली आहे.

ती जागा सापडते, याचा पुरावा आपल्याकडंच आहे. बोलपट आल्यावर काही वर्षांतच, 1937 साली, प्रभातनं 'कुंकू' काढला. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची, 'न पटणारी गोष्ट'. काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. त्या पिढीतल्या कादंबरीकारांना वाचकाला थांबवून चार गोष्टी समजावून सांगायची सवय होती, आणि या विषयात तर समजावून सांगण्यासारखं केवढं तरी होतं. दिग्दर्शक शांतारामबापूंनी ते सगळं काम आवाजावर सोपवलं. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं, गल्लीतलं, त्या प्रसंगातलं. आणि घड्याळ. काकासाहेबांच्या घरातलं ते भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या वयाबद्दल, सरत चाललेल्या वेळेबद्दल जे बोलतं ते कादंबरीकारानं दोन पानं लिहून सांगितलं असतं. मी हा सिनेमा वाचनालयात दाखवला तेव्हा मधल्या एका शांत प्रसंगात आमच्या भिंतीवरचं घड्याळही ऐकू यायला लागलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. शांता आपट्यांची नीरा बघून बाहेर पडताना एक आजी मला म्हणाल्या, "माझ्या आत्याचं असंच झालं होतं, पण ती बोलली नाही."

'जैत रे जैत'मध्ये सांगणारा गाण्यात गेला. गो. नी. दांडेकरांची ही कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. राणी माशीनं डोळ्याला डंख केला म्हणून लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायची शपथ घेणारा नाग्या, आणि नवरा सोडून त्याच्याकडं आलेली चिंधी. गोनीदांचं गद्य म्हणजे चालणाऱ्या माणसाचं गद्य. दम लागतो, थांबतं, पुन्हा चढायला लागतं. हे पडद्यावर कसं आणायचं? जब्बार पटेलांनी 1977 साली ते ना. धों. महानोरांच्या शब्दांवर आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर टाकलं. त्या चित्रपटातली गाणी गोष्ट थांबवून येत नाहीत. ठाकरवाडीच गाते आणि गाता गाता गोष्ट सांगते. आपल्याकडं जागरण-गोंधळात, कीर्तनात हेच होतं: गोष्ट सांगणारा गातो आणि गाणारा गोष्ट पुढं नेतो. जब्बार पटेलांना हे बाहेरून आणावं लागलं नाही. मी हा सिनेमा किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. दरवेळी शेवटी चिंधी मरते तेव्हा मला वाटतं, हे मला कुणीतरी सांगतंय, मी नुसती बघत नाही.

त्याच जब्बार पटेलांनी दोन वर्षांनी 'सिंहासन' केला, आणि तिथं तर कोडं दुप्पट अवघड होतं. अरुण साधूंच्या एक नाही, दोन कादंबऱ्या: 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. दोन्हींत माणसांची गर्दी. मुख्यमंत्री, त्यांची खुर्ची ओढू बघणारा अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, झोपडपट्टीतली पोरं. साधू स्वतः पत्रकार. त्यांच्या लिखाणाचा जीवच मुळी या सगळ्या दारांतून आतबाहेर करण्याच्या मुभेत आहे. पटकथा लिहिताना विजय तेंडुलकरांनी दोन कादंबऱ्यांची मोट बांधली ती दिगू टिपणीसच्या खांद्यावर. पत्रकार दिगू प्रत्येक खोलीत जाऊ शकतो, प्रत्येकजण त्याच्याशी बोलतो, आणि त्याच्या हातात काहीच नाही. निळू फुल्यांना तोवर आपण गावाला नाडणारा पुढारी म्हणून ओळखत होतो. इथं ते बहुतेक वेळ नुसते ऐकतात. त्यांचा तो थकलेला, सगळं समजून चुकलेला चेहरा म्हणजेच कादंबरीचा सांगणारा. म्हणून शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा एक पात्र कोसळल्यासारखं वाटत नाही. ज्याच्या आधारानं आपण दोन तास बघत होतो त्याचीच शुद्ध जाते, आणि आपल्या पायाखालचं काहीतरी सरकतं. कादंबरीशी इतकी प्रामाणिक राहिलेली दुसरी पटकथा मला मराठीत माहीत नाही, आणि तिनं किती पानं फेकून दिली असतील याचा हिशेब करायला गेलं तर छाती दडपेल.

'नटरंग'चं उत्तर आणखी वेगळं. आनंद यादवांची कादंबरी एका शरीराची आहे. तालमीत घडलेला, कुस्तीचा नाद असलेला गुणा तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. मिशी जाते, चाल बदलते, आवाज बदलतो, आणि आतला पुरुष हे सगळं सोसत बसतो. रवी जाधवांच्या चित्रपटात हे सांगायला शब्द लागले नाहीत. अतुल कुलकर्णींनी आपलं अंगच त्या कामाला दिलं, आधी पैलवानाचं, मग नाच्याचं. 2010 च्या जानेवारीत तो लागला आणि आमच्याकडची 'नटरंग'ची एकुलती प्रत त्यानंतर वर्षभर कपाटात टिकली नाही. मागायला येणाऱ्यांत पुस्तकाचा कधी संबंध न आलेली तालमीतली पोरं होती. त्यांच्यापैकी तिघं आजही सभासद आहेत.

आता जिथं मला चुटपुट लागून राहिली त्या 'शाळा'बद्दल. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी आमच्याकडं सगळ्यात जास्त फिरलेल्या पुस्तकांपैकी. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी ती सांगतो, आणि त्याची भाषा ही त्या कादंबरीची अर्धी संपत्ती आहे. पोरांच्या टोळीतले शब्द, मास्तरांना ठेवलेली नावं, घरच्यांबद्दलचे निकाल, मनात भरलेल्या शिरोडकर या मुलीबद्दल स्वतःलाही नीट न सांगता येणारं काहीतरी. सुजय डहाके यांचा चित्रपट 2012 च्या जानेवारीत आला. पटकथेसाठी अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, छायाचित्रण देखणं होतं, अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांचे चेहरे मनात राहतात. तरी एक नववीतलीच मुलगी सिनेमा पाहून पुस्तक घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी डोळे मोठे करून परत आली. "मॅडम, ह्यात जोशी किती बोलतो! सिनेमात तो नुसता बघत असतो."

तिनं तात्यांचीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगितली. बनगरवाडीचा मास्तर स्वतःबद्दल बोलत नाही, म्हणून पडद्यावर तो जास्त दिसला. 'शाळा'तला जोशी सतत बोलतो, म्हणून पडद्यावर तो कमी ऐकू आला.

यावर सोपा उपाय म्हणून निवेदन घालतात. पडद्याआडून एक आवाज येतो आणि पुस्तकातली वाक्यं म्हणतो. माझा या उपायावर विश्वास नाही. पुस्तक वाचताना आपण थांबतो, मागं जातो, एखादं वाक्य घेऊन खिडकीबाहेर बघतो. पडद्याआडचा आवाज थांबत नाही, आणि बहुतेक वेळा तो समोर दिसतंय तेच सांगतो. माणूस घाटातून चालला आहे आणि आवाज म्हणतो, मी घाटातून चाललो होतो. सांगणाऱ्याला परत आणायचं म्हणजे त्याची वाक्यं परत आणायची असं नाही. 'कुंकू'त घड्याळ चाललं, 'जैत रे जैत'मध्ये गाणं चाललं, 'सिंहासन'मध्ये एक ऐकणारा चेहरा चालला. प्रत्येक वेळी कुणीतरी पुस्तकाजवळ बराच काळ बसलं असलं पाहिजे, त्याशिवाय हे सुचत नाही.

आणि इथंच आजची माझी खरी काळजी आहे. काही वर्षांपूर्वी एका चित्रपट कंपनीतून वाचनालयात फोन आला. बोलणारा मुलगा अदबीचा होता. त्यांना ग्रामीण कादंबऱ्यांवर सिनेमे करायचे होते. मला इतका आनंद झाला की मी उभी राहूनच बोलत होते. मग तो म्हणाला, "मॅडम, दहा-बारा कादंबऱ्यांचे एकेका पानाचे सारांश पाठवता का? आम्ही त्यातून निवडू." मी त्याला सांगितलं, सारांश मी लिहिणार नाही; तुम्ही या, आठ दिवस राहा, मी रोज दोन पुस्तकं टेबलावर काढून ठेवते, राहायची सोय गावात होईल. यादीही पाठवली, दाखल क्रमांकांसकट. त्यात उद्धव शेळक्यांची 'धग' होती, सदानंद देशमुखांची 'बारोमास' होती. कुणी आलं नाही.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला वरून तसंच सांगितलेलं असणार. पण एका पानाच्या सारांशात काय उरतं ते पाहा. 'धग'चा सारांश करा: गरीब बाई, संसाराची ओढाताण, नवऱ्याचा आजार. अशा पन्नास गोष्टी कुणालाही सुचतील, त्यासाठी शेळक्यांचे हक्क विकत घ्यायची गरज काय? 'धग' म्हणजे कौतिकची ती वऱ्हाडी बोली, तिच्या घरातल्या वस्तूंकडं बघणारी ती नजर. सारांश करताना पहिला बळी जातो तो सांगणाऱ्याचा. आणि सिनेमाला कादंबरीकडून घेण्यासारखं जे असतं ते नेमकं त्याच्याकडं असतं. घटना काय, त्या रोजच्या वर्तमानपत्रात असतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कादंबरीचे हक्क घेताना त्यातले काही पैसे आणि काही महिने वाचनासाठी बाजूला काढा. लेखक हयात असेल तर त्याच्या गावात जाऊन राहा. नसेल तर त्याच्या गावातल्या माणसांपाशी बसा. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'चा आधार घेऊन राजीव पाटलांनी 'जोगवा' केला, त्यातल्या जोगत्यांच्या बोलण्याचालण्याला जो खरेपणा आहे तो मुंबईतल्या कचेरीत बसून सारांश वाचून आलेला नाही, हे कुणालाही कळेल. पटकथाकाराला सहा आठवड्यांत मसुदा मागू नका. आणि त्याला पहिला प्रश्न हा विचारा: ही गोष्ट कोण सांगतंय, आणि पडद्यावर त्याला तुम्ही कुठं बसवलंय?

हे अशक्य नाही. 'शाळा' करणाऱ्या त्याच सुजय डहाकेंनी अकरा वर्षांनी, 2023 साली, 'श्यामची आई' केला. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. त्याला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस. रोज रात्री आश्रमातले सोबती जमतात आणि मोठा झालेला श्याम त्यांना आईची आठवण सांगतो. आचार्य अत्र्यांनी 1953 साली त्यावर केलेला चित्रपट राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम आमच्या आईवडिलांच्या पिढीनं देवघरात ठेवल्यासारखे जपले. त्या चित्रपटाचं सगळं बळ आई आणि मूल यांच्यात आहे. डहाके तिथंच पुन्हा गेले नाहीत. त्यांनी कृष्णधवल चित्रपट केला आणि मोठेपणच्या साने गुरुजींना, ओम भूतकरांच्या रूपानं, गोष्टीत आणलं. आठवण ज्याला येते तो माणूस दिसायला लागला. दोन चित्रपटांत कोणता श्रेष्ठ, हा वाद मला घालायचा नाही. मला बरं वाटलं ते याचं की कुणीतरी सत्तर वर्षांनी त्याच पुस्तकाशी बसून विचारलं, हे सांगतंय कोण? 'शाळा'तला बोलका जोशी हरवला म्हणून माझ्या मनात जी चुटपुट होती, ती त्या दिवशी थिएटरातून बाहेर पडताना बरीच कमी झाली.

गेल्या उन्हाळ्यात तात्यांची नात वाचनालयात आली. कोल्हापूरला चित्रपटाचं काहीतरी शिकते. शेवटच्या वर्षाला दहा मिनिटांची फिल्म करायची होती आणि तिनं 'बनगरवाडी'तला एक तुकडा निवडला होता. दुष्काळ पडतो आणि माणसं गाव सोडून निघतात तो. बरोबर वही होती, वहीत चौकटी आखलेल्या होत्या. तात्याही आले होते, बाकावर काठी टेकून बसले होते. मी तिला आमची प्रत काढून दिली. ती म्हणाली, "मॅडम, मास्तर दाखवायचाच नाही असं ठरवलंय. पण मग कॅमेरा कुठं ठेवू, हेच कळेना झालंय. टेकडीवर ठेवला तर सगळं सुंदर दिसतं, पण ते कुणीतरी पाहुणा बघत असल्यासारखं वाटतंय."

तात्या म्हणाले, "टेकडीवर कशाला? मेंढरांच्या मागनं चाल की."

"आबा, मागून नुसती धूळ येईल. काही दिसायचं नाही."

"आमाला तरी काय दिसायचं? धूळ अन् खुरांचा आवाज. म्होरं कोण गेलं, कोण ऱ्हायलं, ते आवाजावनं कळायचं."

तिनं वहीतली चौकट खोडली आणि तिच्या जागी काहीतरी लिहिलं. मग दोघं आजोबा-नात बराच वेळ बोलत बसले. मेंढरं किती लागतील, कुणाची मिळतील, पहाटे किती वाजता निघायचं, वाटेत कुत्री कुठं आडवी येतील. संध्याकाळी मी तारखेचा शिक्का मारून पुस्तक तिच्या हातात दिलं. नियमानं पंधरा दिवसांची मुदत असते, मी पट्टीवर तीन महिन्यांनंतरची तारीख घातली.